नावात चंद्र, हातात शिसं



माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला 'सेलेनियम' म्हटलं की आधी ब्राउझर आठवतो. बटणं आपोआप दाबणारं, फॉर्म आपोआप भरणारं ते टेस्टिंगचं टूल. तुमच्यापैकी जे या धंद्यात आहेत त्यांनी रात्री अकरा वाजता त्याला शिव्याही घातल्या असतील. जेसन हगिन्स याने ते 2004 मध्ये थॉटवर्क्समध्ये असताना लिहिलं. त्या वेळी टेस्टिंगच्या बाजारात मर्क्युरी नावाची मोठी कंपनी होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा मानला जातो. म्हणून टूलचं नाव सेलेनियम. थोडक्यात, कोटी.

गंमत अशी की या मूलद्रव्याच्या बाबतीत दुसऱ्या कुणाकडे बघून नाव ठेवण्याची ही पहिली वेळ नव्हती. सेलेनियमचं स्वतःचं नावच तसं पडलंय. आणि 1882 मध्ये पॅरिसमध्ये एका खनिजाला नाव दिलं गेलं, तेही तसंच. आजचा भाग त्या खनिजाचा. नाव आहे मॉलिब्डोमेनाइट. एकदा सावकाश म्हणून बघा. मॉलिब्डो, मेन, आइट.

आता तुम्ही बारावीपर्यंत केमिस्ट्री केली असेल तर डोक्यात लगेच येतं की यात मॉलिब्डेनम असणार. नाही. एक कणही नाही. 'सेलेनाइट' आहे म्हटल्यावर कुणाला ऑनलाइन मिळणारी ती पांढरी, चमकदार 'एनर्जी'ची कांडी आठवेल. तीही नाही. या खनिजाचं नाव वाचणाऱ्याला दोनदा चुकवतं, आणि दोन्ही वेळा चुकायचं कारण इतिहासात आहे. मला हे खनिज आवडायचं कारणच ते.

आधी वस्तू काय आहे ते बघू. मॉलिब्डोमेनाइट म्हणजे शिशाचं सेलेनाइट. शिशाचा एक अणू, सेलेनियमचा एक, ऑक्सिजनचे तीन. हिशेब अगदी साधा. वजनाने बघितलं तर जवळजवळ 62 टक्के नुसतं शिसं, साधारण 24 टक्के सेलेनियम, उरलेला ऑक्सिजन. पाण्याचा रेणू त्यात नाही. दिसायला रंगहीन, पांढरं किंवा किंचित पिवळट. पातळ पापुद्र्यांमध्ये सापडतं, त्यावर मोत्यासारखी झाक असते. एका दिशेने ते अगदी स्वच्छ सुटतं, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात तसं, फक्त हे ठिसूळ आहे, अभ्रकासारखं वाकत नाही. कठीणपणा 3.5 च्या आसपास, म्हणजे संगमरवरापेक्षा जरासा जास्त, काचेपेक्षा बराच कमी. आणि घनता? सुमारे 7. गारगोटीची घनता 2.65 असते. म्हणजे गारगोटीएवढाच तुकडा घेतला, तर हा अडीचपटीहून जड भरेल. पांढरा, नाजूक, मोत्यासारखा दिसणारा पापुद्रा आणि आतून शिसं. फक्त तराजूवर टाकायला पुरेल एवढा तुकडा मिळणंच अवघड, कारण याचे नमुने बहुतेक वेळा दुसऱ्या खनिजावरच्या कवचासारखे किंवा बारीक पत्रींसारखे असतात.

आता नाव सोडवायला घेऊ. पहिला भाग, 'मॉलिब्डो'.

ग्रीक भाषेत 'मॉलिब्डोस' म्हणजे शिसं. एवढंच असतं तर प्रश्न नव्हता. पण त्याच शब्दापासून आलेला 'मॉलिब्डायना' हा शब्द जुने ग्रीक आणि रोमन लेखक शिशाशी संबंध असलेल्या काळ्या-करड्या खनिजांना वापरत. पुढे हजार-दीड हजार वर्षं युरोपात जो कुठला दगड काळपट, मऊ आणि कागदावर रेघ उमटवणारा दिसेल, त्याला कधी 'मॉलिब्डेना', कधी 'प्लम्बॅगो' म्हणत राहिले. 'प्लम्बम' हे लॅटिनमधलं शिसं. इंग्लंडच्या बॉरोडेलला सोळाव्या शतकात शुद्ध ग्रॅफाइटचा साठा सापडला, लोकांनी त्याच्या कांड्या करून लिहायला सुरुवात केली, आणि सगळ्यांना वाटलं हे शिशाचंच काहीतरी रूप आहे.

आणि ही काही फक्त तिकडचीच गोष्ट नाही हं. आपण शाळेत काय म्हणायचो? शिसपेन्सिल. पेन्सिलीत शिसं कधीच नव्हतं, ग्रॅफाइट होतं, म्हणजे कार्बन. पण बॉरोडेलचा तो गैरसमज इंग्रजीत मुरला, इंग्रजीतून मराठीत आला, आणि आज गावच्या स्टेशनरीच्या दुकानातही 'एक शिसपेन्सिल द्या' म्हटलं की दुकानदाराला कळतं. भाषा अशी असते, दुरुस्तीचा पॅच आला तरी जुनं व्हेरिएबलचं नाव कुणी बदलत नाही.

हा गुंता सोडवला कार्ल विल्हेल्म शेले याने. स्वीडनमधला औषधविक्रेता, आणि रसायनशास्त्रात अफाट माणूस. 1778 मध्ये त्याने दाखवलं की 'मॉलिब्डेना' म्हणून ओळखलं जाणारं खनिज ना शिशाचं आहे ना ग्रॅफाइट. त्यात एक वेगळाच पदार्थ आहे. पुढच्याच वर्षी त्याने ग्रॅफाइटमध्ये कार्बन आहे हेही सांगितलं. 1781 मध्ये पीटर याकोब येल्म याने त्या पहिल्या खनिजातून नवीन धातू वेगळा केला. आता नवीन धातूला नवीन नाव द्यायचं ना? नाही. जुनं चुकीचं नावच त्याला चिकटवलं. मॉलिब्डेनम. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ शिसं, आणि शिशाशी काही संबंध नसलेला धातू तो शब्द घेऊन पसार.

त्यामुळे शंभर वर्षांनी जेव्हा कुणाला 'शिशाचं' असं ग्रीकमध्ये म्हणायचं होतं, तेव्हा त्याच्यापुढे पंचाईत होती. 'मॉलिब्डोस' वापरला तर लोकांना मॉलिब्डेनम वाटणार. तरीही 1882 मध्ये तोच शब्द वापरला गेला. माझ्या मते हा सरळ हट्टीपणा आहे, पण जरा आवडणारा हट्टीपणा. शब्द मूळचा शिशाचा, तर तो शिशालाच परत द्यायचा. आणि हे एकटं खनिज नाही. 1901 मध्ये स्वीडनच्या लाँगबानच्या एका शिशाच्या सिलिकेटला मॉलिब्डोफायलाइट नाव दिलं, 'शिशाचं पान'. तिथेही मॉलिब्डेनम औषधालाही नाही.

नावाचा दुसरा भाग 'मेन'. हा मला जास्त जवळचा वाटतो, का ते सांगतो. ग्रीकमध्ये 'मेने' म्हणजे चंद्र, आणि 'मेन' म्हणजे महिना. संस्कृतात 'मास्' म्हणजे चंद्रही आणि महिनाही. आपला चैत्रमास, अधिक मास, तिथलाच. आणि फारसीतून आपल्याकडे आलेला 'महिना' त्याच कुळातला, फारसीत 'माह' म्हणजे चंद्र. सगळे एकाच जुन्या मुळाचे शब्द. म्हणजे पगाराचा महिना संपता संपत नाही म्हणून आपण जो शब्द घेऊन रडतो, तोच शब्द दक्षिण अमेरिकेतल्या एका शिशाच्या खनिजाच्या नावात बसलाय.

पण शिशाच्या खनिजात चंद्र आला कुठून? त्यासाठी 1817 च्या स्वीडनमध्ये जावं लागेल.

ग्रिप्सहोमला गंधकाम्लाचा एक कारखाना होता. त्या काळी गंधकाम्ल बनवायची पद्धत म्हणजे 'लेड चेंबर'. शिशाच्या पत्र्याने आतून मढवलेल्या मोठाल्या खोल्या. शिसं कशाला, तर आम्ल बाकीचे धातू खातं, शिशाला फारसं काही करत नाही. गंधकाचा धूर या खोल्यांमध्ये सोडायचा. गंधक कुठून, तर फालुनच्या प्रसिद्ध तांब्याच्या खाणीतल्या पायराइटपासून. आता झालं असं, की फालुनचं पायराइट वापरलं की खोलीच्या तळाशी लालसर गाळ साचायचा. दुसरीकडचं वापरलं की नाही. कारखानेवाल्यांना संशय आला की यात आर्सेनिक आहे, आणि फालुनचा माल बंद केला गेला. संशय घेणं बरोबरच होतं म्हणा. विषारी काहीतरी आहे एवढं त्यांनी ओळखलं, फक्त नाव चुकलं.

पुढे त्या कारखान्यात भागीदारी घेणाऱ्यांमध्ये एक होता यॉन्स याकोब बर्झेलियस, त्या काळचा युरोपातला सगळ्यात मोठा रसायनशास्त्रज्ञ म्हणावा असा, आणि दुसरा त्याचा वयस्कर मित्र योहान गॉटलिब गान. दोघांनी तो गाळ तपासायला घेतला. जाळल्यावर त्याला हॉर्सरॅडिशसारखा, म्हणजे तिखट मुळ्यासारखा उग्र वास यायचा. असा वास टेलुरियमच्या संयुगांना येतो असं तेव्हा मानलं जायचं. त्यामुळे दोघांनी निष्कर्ष काढला, की हे टेलुरियम आहे.

टेलुरियम म्हणजे कोण? ट्रान्सिल्वेनियाच्या सोन्याच्या खनिजात 1782 च्या सुमारास सापडलेलं मूलद्रव्य. 1798 मध्ये मार्टिन क्लापरोथ याने त्याला 'टेलस', म्हणजे लॅटिनमधली पृथ्वी, यावरून नाव दिलं. हाच क्लापरोथ युरेनियमला युरेनस ग्रहाचं नाव देणारा. आकाशाकडे बघून झालं, मग पायाखालची जमीन.

बर्झेलियसला मात्र स्वस्थ बसवेना. त्याने परत प्रयोग केले आणि 1818 च्या सुरुवातीला त्याची खात्री झाली की टेलुरियम इथे अजिबात नाही. हे नवीनच मूलद्रव्य आहे, टेलुरियमसारखं वागणारं, पण वेगळं. नाव काय द्यायचं? भावंडाचं नाव पृथ्वी, तर याचं नाव चंद्र. ग्रीक चंद्रदेवता सेलेनी, म्हणून सेलेनियम. म्हणजे सेलेनियममध्ये चंद्राचं असं काहीच नाही. ना रंग, ना चकाकी, ना चंद्रावरून आणलेलं. ते फक्त टेलुरियमच्या शेजारी बसतं म्हणून चंद्र.

त्याच वर्षी बर्झेलियसने चांदी, तांबं आणि सेलेनियमचं एक खनिज तपासलं आणि त्याचं नाव 'युकायराइट' ठेवलं. ग्रीकमध्ये अर्थ होतो 'अगदी वेळेवर'. का, तर सेलेनियमवरचं काम संपता संपता ते हाती आलं म्हणून. सगळ्या खनिजांच्या नावांत हे माझं सगळ्यात लाडकं.

बर्झेलियसचा आणखी एक किस्सा, कारण तो सांगितल्याशिवाय सेलेनियमचं विषारीपण कळत नाही. हायड्रोजन सेलेनाइड हा वायू कसा लागतो हे बघायला त्याने वाटाण्याएवढा एक बुडबुडा नाकात जाऊ दिला. परिणाम असा, की अमोनियाची बाटली नाकाशी धरली तरी वास येईना. पाच-सहा तासांनी वास यायला लागला. घरी करू नका. बाहेरही करू नका.

आता काळ थोडा पुढे घेऊ. सेलेनियम बरीच वर्षं प्रयोगशाळेतलं कुतूहल म्हणूनच राहिलं. मग 1873 मध्ये विलोबी स्मिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने जाहीर केलं की सेलेनियमवर उजेड पडला की त्यातून वीज सहज वाहते, अंधारात कमी वाहते. झालं, सगळ्यांचे कान टवकारले. 1880 मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी 'फोटोफोन' बनवला, उजेडाच्या झोतावरून बोलणं पाठवायचं आणि पलीकडे सेलेनियमने ते पकडायचं. तारेशिवाय फोन, 1880 मध्ये. 1883 मध्ये चार्ल्स फ्रिट्स याने सेलेनियमवर सोन्याचा पातळ थर देऊन सूर्यप्रकाशापासून वीज मिळवली. आजच्या छपरावरच्या सोलर पॅनेलचा आजोबा तो. या दोन वर्षांच्या मधोमध आपलं खनिज येतं. माझ्या मते हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: मॉलिब्डोमेनाइटला नाव मिळालं तेव्हा सेलेनियम हा त्या काळचा 'हॉट टेक' होता.

ठिकाण, अर्जेंटिनातलं काचेउता. मेंदोसा शहराच्या पश्चिमेला, अँडीजच्या पायथ्याशी. आज लोक तिथे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी जातात. डोंगरात सेलेनियमच्या खनिजांच्या शिरा होत्या: शिशाचं सेलेनाइड, तांब्याचं, चांदीचं. त्यांचा अभ्यास 1860 च्या दशकात इग्नात्सी डोमेको करत होता. हा मूळचा पोलंड-लिथुआनियाकडचा. 1830-31 च्या रशियाविरुद्धच्या उठावात भाग घेतला, देश सोडावा लागला, पॅरिसमध्ये खाणशास्त्र शिकला, 1838 मध्ये चिलीला गेला आणि पुढे तिथल्या विद्यापीठाचा रेक्टर झाला. त्याच्यावर वेगळा भाग करायला हवा. तूर्तास एवढंच, की काचेउताचं नाव युरोपातल्या खनिजवाल्यांना आधीपासून माहीत होतं.

1881 मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड दे क्लोआझो आणि ऑगस्तँ दामूर यांनी काचेउताच्या एका निळ्याशार खनिजाचं वर्णन प्रसिद्ध केलं. तांब्याचं सेलेनाइट. नाव ठेवलं चाल्कोमेनाइट, ग्रीक 'चाल्कोस' म्हणजे तांबं आणि 'मेने' म्हणजे चंद्र. 'सेलेनी'ऐवजी 'मेने' का? चंद्राचा हा दुसरा ग्रीक शब्द मोकळा होता. 'सेलेनाइट' हा शब्द आधीच दोन ठिकाणी अडकलेला होता, ते पुढे सांगतो. योगायोग बघा, या दे क्लोआझोचा जन्म 1817 चा, म्हणजे तो आणि सेलेनियम एकाच वर्षाचे.

मग 1882 मध्ये एमिल बर्त्रां याने फ्रान्सच्या खनिजशास्त्र संस्थेच्या पत्रिकेत एक छोटं टिपण दिलं, दोन-तीन पानांचं. त्याच ढिगातून त्याला आणखी दोन सेलेनाइटं मिळाली होती. एक कोबाल्टचं, गुलाबी, ते कोबाल्टोमेनाइट. दुसरं शिशाचं, पांढऱ्या पातळ पत्रींचं, ते मॉलिब्डोमेनाइट. निळं, गुलाबी आणि पांढरं, तीन चंद्र. पहिल्या दोघांकडे कुणाचंही लक्ष जाईल. पांढऱ्या पापुद्र्याकडे बघून 'हे वेगळं आहे' म्हणायला मात्र नजर लागते, कारण शिशाच्या खाणीत पांढरी खनिजं ढिगाने असतात. सेरुसाइट पांढरं, अँग्लेसाइट पांढरं.

बर्त्रांकडे ती नजर होती, आणि यंत्रही. तुमच्या ओळखीत जिऑलॉजी घेतलेलं कुणी असेल तर विचारा, सूक्ष्मदर्शकात 'बर्ट्रांड लेन्स' म्हणून एक आत-बाहेर सरकणारं भिंग असतं. ते याचंच, 1878 चं. ते सरकवलं की खनिजाच्या बारक्याशा कणातून जाणारा प्रकाश कसा वाकतो, कसा फुटतो याची एक आकृती दिसते, आणि त्या आकृतीवरून खनिजाची ओळख पटवता येते. चिमूटभरही माल नसला तरी चालतं. बाकी रसायनाची खात्री करायला तेव्हा कोळशाचा तुकडा आणि सोनाराच्या फुंकणीसारखी नळी असायची. ज्योत नळीने कणावर फुंकायची. सेलेनियम असेल तर ज्योत निळी होते आणि तो मुळ्याचा वास येतो, शिसं असेल तर कोळशावर पिवळा थर बसतो आणि मऊ मणी उरतो. म्हणजे 1817 चा वास 1882 मध्येही कामाला होता.

ही पॅरिसची मंडळी एकमेकांची नावंही खनिजांना ठेवत. दामूरने 1854 मध्ये अर्जेंटिनाच्याच एका शिशाच्या खनिजाला 'डेस्क्लोइझाइट' म्हटलं, दे क्लोआझोवरून. 1883 मध्ये दुसऱ्या एकाला 'बर्ट्रांडाइट'. आपल्याकडे मित्र एकमेकांना नावं ठेवतात, ते नावं देत होते.

बरं, हे खनिज तयार कसं होतं आणि इतकं दुर्मीळ का? शिसं जमिनीत बहुतेक वेळा गंधकाला धरून असतं, गॅलेना म्हणून. सेलेनियमचा अणू गंधकाच्या जवळपास मापाचा, त्यामुळे तो एरवी गॅलेनात गंधकाच्या जागी थोडाथोडा लपून बसतो. स्वतःचं खनिज बनवण्याएवढा एकत्र येतच नाही. त्यासाठी गंधक बाजूला व्हावा लागतो. जमिनीखालच्या गरम पाण्यात ऑक्सिजनचं प्रमाण बऱ्यापैकी असेल तर गंधक त्या पाण्यात सल्फेट होऊन विरघळून राहतो, आणि शिशाला सेलेनियमशी संसार करावा लागतो. त्यातून क्लाउस्थलाइट, म्हणजे शिशाचं सेलेनाइड. ही पहिली अट. मग लाखो वर्षांनी डोंगर झिजून ती शीर वर आली, हवा-पाणी लागलं, की ती गंजायला लागते. लोखंडावर गंज चढतो तसा क्लाउस्थलाइटवर चढणारा गंज म्हणजे मॉलिब्डोमेनाइट. पाऊस फार असेल तर सगळं धुऊन जाईल. मेंदोसा कोरडं, म्हणून टिकलं.

इथे सेलेनियमची एक सवय कळते, जी मला या सगळ्या प्रकरणात सर्वात महत्त्वाची वाटते. गंधक गंजला की थेट चार ऑक्सिजनपर्यंत जातो, सल्फेट होतो. सेलेनियम तीनवर थांबतं. चौथा ऑक्सिजन घ्यायला त्याला फार जोराचा धक्का लागतो. तीनवरचं ते सेलेनाइट, चारवरचं ते सेलेनेट. फरक फक्त एका ऑक्सिजनचा, पण सेलेनाइट मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडला चिकटतं, शिशासारखा धातू जवळ असेल तर मॉलिब्डोमेनाइट म्हणून घट्ट बसतं. सेलेनेट पाण्याबरोबर निघून जातं. कॅलिफोर्नियात केस्टरसन नावाच्या तलावांत शेतीचं निचऱ्याचं पाणी सोडत होते. त्या पाण्यातून सेलेनियम येत राहिलं, आणि 1983 मध्ये तिथे पक्ष्यांची विकृत पिल्लं सापडली. भारतात पंजाबच्या होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे. आपल्या शरीराला ते लागतं, पण किती, तर मोठ्या माणसाला दिवसाला 55 मायक्रोग्रॅम, अशी अमेरिकन शिफारस आहे. 400 च्या वर जाऊ नये म्हणतात. एवढ्या अरुंद पट्टीत खेळणाऱ्या मूलद्रव्याबाबत ते तीनवर आहे की चारवर, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

गंधक तीनवर थांबतो का कधी? जवळजवळ नाही. पण 1984 मध्ये स्कॉटलंडच्या लेडहिल्सच्या जुन्या शिशाच्या खाणीतलं एक खनिज जाहीर झालं, शिशाचं सल्फाइट, एक शिसं, एक गंधक, तीन ऑक्सिजन. नाव स्कॉटलंडाइट. आणि त्याची रचना तपासली तर ती मॉलिब्डोमेनाइटसारखीच निघाली, अणूला अणू. शंभर वर्षांनी भेटलेला जुळा भाऊ. दोघांतही मधला अणू तीन ऑक्सिजनवर तिवईसारखा बसलेला असतो, आणि त्याच्या डोक्यावर इलेक्ट्रॉनची एक जोडी मोकळी असते. शिशाकडेही अशीच एक मोकळी जोडी. म्हणून या रचनांमध्ये एका बाजूला दाटी आणि एका बाजूला मोकळी जागा दिसते.

आता ते राहिलेलं 'सेलेनाइट'. ऑनलाइन कांडी, दिवा, बशी म्हणून जे विकतात ते जिप्सम आहे, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. प्लास्टर ऑफ पॅरिस ज्यापासून करतात तेच. चंद्रासारखी मंद झाक म्हणून त्याला जुन्या काळापासून चंद्राचं नाव आहे, सेलेनियम सापडायच्या कितीतरी आधीपासून. त्यात सेलेनियम नाही. नखाने ओरखडा उठतो, निरुपद्रवी आहे. रसायनातलं सेलेनाइट म्हणजे सेलेनियम आणि तीन ऑक्सिजन. ते विषारी. सोडियम सेलेनाइट नावाने काही मागवताना कुणी 'हीलिंग क्रिस्टल'चा भाऊ समजू नये, एवढ्यासाठी सांगतोय. मेक्सिकोच्या नाइका खाणीतले ते खांबांएवढे स्फटिक फोटोत पाहिले असतील, तेही जिप्समवालेच.

काचेउताच्या गोष्टीत मला खटकणारी एक बाब आहे. 1881-82 च्या तिन्ही नावांत ग्रीक आहे, पॅरिसची छाप आहे, पण ज्या डोंगरातून ती आली त्याचं काही नाही. 'शिसं-चंद्र' असं नाव कुठल्याही देशातल्या दगडाला देता आलं असतं. हे हळूहळू बदललं. 1939 मध्ये अर्जेंटिनाचाच खनिजतज्ज्ञ हुआन ओल्साचर याने काचेउताच्याच लोह-सेलेनाइडला 'आचावालाइट' नाव दिलं, कोर्दोबाच्या विद्यापीठातले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक लुईस आचावाल यांच्यावरून. 1969 मध्ये बोलिव्हियाच्या पाकाखाके खाणीतल्या एका खनिजाला ओल्साचरचंच नाव मिळालं. ओल्साचराइट, तेही शिशाचं, पण त्यातलं सेलेनियम तीनवर न थांबता चारपर्यंत पोचलेलं, शेजारी सल्फेट घेऊन. तिथे तो जोराचा धक्का बसला होता म्हणायचा.

त्याच बोलिव्हियात, पोतोसी प्रांतात, एल ड्रॅगन नावाची एक छोटी खाण आहे. बाजाराच्या हिशेबात ती शून्य. जगाला लागणारं सेलेनियम असल्या खनिजांतून येतच नाही, ते तांबं शुद्ध करताना तळाशी उरणाऱ्या गाळातून काढतात. म्हणजे ग्रिप्सहोमसारखंच, गाळातून. पण खनिजवाल्यांसाठी एल ड्रॅगन म्हणजे खजिना. 2012 मध्ये तिथल्या तांबं-बिस्मथ-सेलेनियमच्या एका नव्या खनिजाचं नाव थेट खाणीवरून ठेवलं, एल्ड्रॅगनाइट. त्यानंतरही तिथून नवी खनिजं जाहीर होत राहिली. तिथे सापडलेल्या खनिजांच्या यादीत, गंजलेल्या सेलेनाइडांवर बसलेलं एक पांढरं, मोत्याच्या झाकेचं शिशाचं सेलेनाइटही आहे. मॉलिब्डोमेनाइट, मॉलिब्डेनमशिवाय.

डोमेकोचा भाग लवकरच रेकॉर्ड करतोय. तोवर भेटू.